दुलईत ऐकू यायची ती कॉफी

रविवारी दुपारी आमच्या घरी कॉफी व्हायची. बाकी दिवस चहाच. मी आतल्या खोलीत दुलईत पडलेली असायची, खिडकीतलं ऊन पायांवर आलेलं असायचं, आणि अर्धवट झोपेत तो आवाज सुरू व्हायचा. कपात चमचा. टिकटिक, टिकटिक. कॉफी घट्ट होत आली की आवाजही जाड व्हायचा. त्याच्यामागे आईचं सलग बोलणं, पण शब्द कळायचे नाहीत. मी मुद्दाम डोळे उघडायची नाही. उघडले की सगळं संपेल असं वाटायचं.

जबलपुरात कॉफी फेटतात. कपात कॉफी, साखर, चमचाभर पाणी घ्यायचं, रंग फिका होऊन फेस येईस्तोवर घोटायचं, आणि वरून उकळतं दूध ओतायचं. आई अमरावतीकडची, तिला ही थेरं वाटायची. "दुधात टाकली, उकळली, झालं! आणि जायफळ नाही तर ती कॉफी कसली?" बाबा मात्र इथलेच, जन्म इथला, फॅक्टरीतली नोकरी इथली. त्यांना फेसाशिवाय चालत नसे. शेवटी दोघांचा तह झाला. फेस त्यांचा, जायफळ तिचं. भेडाघाटहून आणलेल्या छोट्या संगमरवरी सहाणेवर ती ते उगाळायची.

आई गेली आणि मी शिकवायची त्या शाळेतून बदली मागून जबलपुरात, महाराजपूरच्या आमच्या घरी राहायला आले. आल्या आल्या बाबांना सांगून टाकलं, "बाबा, आता तुम्ही फक्त बसा." भाजी मी आणणार, दूध मी घेणार, कुंड्यांना पाणीसुद्धा मीच घालणार. बाबा बसले. बसले ते बसलेच. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. माझ्या डोळ्यांदेखत ते विरत चालले होते आणि मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या डोक्यात बसलं की आईची कॉफी जमली तर बाबा परत माणसांत येतील. दर रविवारी मी झटायची. फेटायला बॅटरीवर फिरणारी छोटी रवी आणली, घर्रर्र केलं की अर्ध्या मिनिटात फेस. बाबा दोन घोट घ्यायचे, "छान झाली" म्हणायचे आणि कप खाली ठेवायचे. त्यावर साय धरायची. मी ती कॉफी मोरीत ओतायची, भांडी आपटायची. कॉफीची बाटली बदलली, जायफळ बदललं. एकदा तर दूधवाल्या भैयाला फाटकाशी गाठलं. "सच बताओ, पानी कितना मिलाते हो?" तो बिचारा म्हणाला, "दीदी, आपकी मम्मी ने तो कभी नहीं पूछा." तेव्हा तर माझं डोकं आणखीच फिरलं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी बाबांनी पुन्हा "छान झाली" म्हणत कप ठेवला आणि मी फुटलेच.

"काय चुकून राहिलं ते एकदाचं सांगून टाका ना! आईच्या हाताची चव नाही येत मला. नाही येत!"

बाबा बशीची कड पुसत राहिले. "फेटायचो मी," ते म्हणाले. "तुझी आई दूध पाहायची."

मला आधी कळेचना. तो आवाज? तो दुलईतला आवाज? "तुम्ही?"

"तू झोपलेली असायची."

"अहो, मग इतके महिने बोलला काहून नाहीत?"

"तू म्हटलं बसा," बाबा म्हणाले. "बसलो."

मला माझीच लाज वाटली. त्यांचा जीव रमवायला निघाले होते मी, आणि त्यांच्या हातातलं होतं नव्हतं ते काम काढून घेतलं होतं. मी उठले. कपात कॉफी, साखर, पाणी घातलं, चमचा ठेवला आणि कप त्यांच्या हातात दिला. दूध गॅसवर चढवलं.

टिकटिक सुरू झाली. आधी अडखळत, मग लय धरत. मी ओट्याला टेकून डोळे मिटले. पायांवर ऊन नव्हतं, दुलई नव्हती, तरी मी तिथेच होते, त्या आतल्या खोलीत.

"अगं, गप्प काहून?" बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. "बोलत राहा काहीतरी. ती बोलायची, मग हात दुखत नसे."

मी दूधवाल्या भैयाचा किस्सा सांगितला, अगदी नक्कल करून. बाबा हसले. मोठ्यानं हसले. तेवढ्यात दूध उतू गेलं. उरलेल्यात कसेबसे दोन कप झाले. बाबांनी त्यांचा कप तळापर्यंत संपवला, ओठावरचा फेस पुसला आणि तोंड वाकडं केलं.

"जायफळ फार झालं गं."

इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा नावं ठेवली, आणि मला रडूच आलं.