एका केळीसाठी जावयाचे पाय

सर्व नातेवाइकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की म्हैसूरच्या चामराजपुरम भागात एका केळीच्या जिवाला धोका निर्माण केल्यावरून प्रस्तुत लेखकास परसदारी अडवण्यात आले व त्याचे दोन्ही पाय ताब्यात घेण्यात आले.

घडलं ते असं. उटीहून म्हैसूरला येताना नंजनगूडला गाडी थांबवली. तिथली रसबाळे (सायीसारख्या गराची केळ्याची जात) नावाजलेली. रस्त्याकडेच्या एका बागेत शिरून मी तिचं इतकं कौतुक केलं, की मालकाने चिखलातून एक मुनवा (केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू) काढून हातात ठेवला. मुक्काम बायकोच्या मामांकडे होता. मिठाई काय, सगळेच नेतात! ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते बाळ मांडीवर घेऊन मी ऐटीत म्हैसुरात शिरलो.

मामांचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिला कन्नडची फोडणी. सरळ परसात जाऊन चकित करावं म्हणून मी घराशेजारच्या बोळातून घुसलो.

"अय्यो! निल्लि, निल्लि! (थांबा!)" मामी किंचाळल्या. "जावई, बूट तिथंच! पुढं पाऊल टाकू नका!"

मी थिजलो. मामींनी बादली आणली, मला फरशीवर बसवलं आणि पाय पुढे करायला सांगितलं. हा मान मला यापूर्वी लग्नात मिळाला होता. मी डोळे मिटले, चेहऱ्यावर योग्य तो थोरपणा आणला. पण पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास, आणि पायांवर काथ्याचा घासा!

"मान-बीन येनू इल्ला (काही नाही)," मामी म्हणाल्या. "आमच्याकडं भटजीसुद्धा पाय धुऊनच परसात येतात."

बँकेतून निवृत्त झालेले मामा कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. कुंपणाआड एकुलती एक रसबाळे उभी होती, कोवळा घड मिरवत.

"आधीच्या दोन गेल्या," ते म्हणाले. "मर रोग. पानं पिवळी पडली, घड धरायच्या आधीच माना टाकल्या. औषध नाही त्याला. मातीतनं येतो, बुटाला लागून येतो. हिचा हा पहिलाच घड, नोडि (बघा). आणि त्या गोणपाटात काय?"

"पिल्लू," मी कौतुकाने म्हणालो. "नंजनगूडचं."

मामांनी ते रस्त्यावर नेऊन कोयत्याने चिरलं. पांढऱ्या गरात तांबडे-तपकिरी ठिपके.

"रोगाला मांडीवर बसवून आणलंत की हो, जावईबापू!"

चकत्या करून, वर सुक्या झावळ्या घालून पिल्लू बंबात गेलं. त्या संध्याकाळी माझ्या आंघोळीचं पाणी माझ्याच आहेरावर तापलं. रात्री भात आणि हुळी (भाजी घातलेली दाट आमटी) मात्र मामींनी पोटभर वाढली. केळीचं पान बाजारातलं; घरच्या पानाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

लोक म्हैसूरहून राजवाडा डोळ्यांत साठवून परततात. मी एका केळीची काळजी सोबत घेऊन पुण्याला परतलो. टाचेला चिकटलेली चिमूटभर माती एखाद्या घराची चव पुसून टाकू शकते, हे कळल्यापासून राजवाड्याचं तितकंसं वाटेना. पानं पिवळी तर पडली नाहीत ना, हे विचारायला मी दर रविवारी फोन करू लागलो. मामा "अजून हिरवी" म्हणायचे आणि मगच मला जेवण जायचं.

काल मामांचाच फोन आला. घड उतरला, पिकला, सगळं घर घमघमतंय! बायकोला आनंद आवरेना. "मग आम्ही दोघं येतो खायला!" ती म्हणाली.

मामा काही बोलायच्या आत मागून मामींचा आवाज फुटला, "केळी पाठवते गं, जावयाला पाठवू नको!"