पाटीवर राहिलेलं नाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सोमवारच्या दिवेलागणीची प्रार्थना. माझी बायको सारा भिजवलेले वाल सोलत बसली होती आणि मी पाटीवरची नावं वाचत होतो.

पहिलंच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवऋषी, उतारे, अंगात येणं सगळं सोडलं... आणि खरं म्हणजे त्याच्या आधीही मी ते मानत नव्हतो. ह्या मासिकात कुणाला काय दिसलं ते छापून येतं, ते वाचून मी हसायचो. आता माझंच लिहितोय. शिक्षण तिसरीपर्यंत. चुकलंमाकलं समजून घ्या. नाही घेतलंत तरी मला फरक पडत नाही.

आमचं घर कुंभिवलीच्या डोंगराकडच्या अंगाला. गावात आमची ख्रिस्ती घरं चारच. मागे डोंगर, डोंगरावर ठाकूरवाडी. ते मानमोडीच्या तापाचं साल – आज धडधाकट दिसलेला माणूस दोन-तीन दिवसांत मान टाकायचा. भात पिकून उभं होतं, पण कापायला हात नव्हते.

आमच्यात रीत अशी होती. रविवारची प्रार्थना झाली की ज्याने त्याने आजाऱ्यांची नावं सांगायची. ती पाटीवर लिहून मी घरी आणायचो, कारण चार घरांत लिहिता येणारा मीच. मग आठवडाभर रोज दिवेलागणीला मी एकेक नाव वाचायचं आणि साराने त्या माणसासाठी देवाशी बोलायचं. तिला अक्षर येत नव्हतं. पण बोलायची अशी, की तो माणूस शेजारीच बसलाय. नुसतं 'बरं कर' नाही – कुणाचं दूध आटलंय, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, सगळं सांगायची. दिवसा त्या घरी स्वतः जाऊन आलेली असायची ना. वाडीवर तर आठवड्यातून दोनदा चढायची, औषधाची बाटली आणि पेजेचं मडकं घेऊन. मी एकदाही गेलो नाही. म्हणायचो, देवाच्या कामाला तू पाय दे, मी तोंड देतो. त्यावर ती म्हणायची, "बरं हाय तुमचं. तोंडाला काटा रुतत नाय."

त्या सोमवारी दिवसभर भात कापून माझी पाठ मोडली होती. पाटी दोन्ही बाजूंनी भरलेली. पुढे आमच्या लोकांची नावं, मागे वाडीवरची. पुढची बाजू संपली आणि मी पाटी उलटी केलीच नाही. मनात म्हटलं, ह्या लोकांनी प्रार्थनेच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, एक दिवस राहिली तर काय बिघडतंय.

सारा म्हणाली, "झाली सारी?"

मी म्हणालो, "झाली."

तिने आमेन म्हटलं. मग मीही तिच्याबरोबर थोडे वाल सोलले.

मंगळवारी सकाळी तिला ताप भरला. बुधवारी तिला मान उचलता येईना. मी आणि शेजारची रूथ, दोघं आळीपाळीने कपाळावर ओलं फडकं ठेवत दिवसभर तिच्या खाटेपाशी होतो. दुपारी तिचे ओठ हलत होते. रूथला वाटलं, पाणी मागतेय. पाणी लावलं, पण तिने गिळलं नाही. शुक्रवारी सकाळी गेली. पाटी तशीच खुंटीला लटकत राहिली.

कर्जतहून पाळकसाहेब आले. मातीच्या वेळेला म्हणाले, ह्या नवराबायकोने अख्ख्या मनाने देवाची सेवा केली. दोघांचं नाव घेतलं. मी खाली बघत उभा राहिलो.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी वाडीवरची नागी दारात आली. माझ्याच वयाची बाई, मूलबाळ नाही, नवरा ह्याच तापात गेलेला. पाटीच्या मागच्या बाजूला पहिलं नाव तिचंच होतं. फडक्यात करांद्याचे रानकंद बांधून आणले होते, साराला द्यायला. मी सांगितलं, सारा मंगळवारी पडली, शुक्रवारी गेली, त्याला दहा-बारा दिवस झाले. ती मटकन उंबऱ्याशी बसली. म्हणाली, अशी कशी जाईल, त्या बुधवारी तर माझ्याकडं व्हती.

मी वैतागलो. आवाज ऐकून शेजारून आलेल्या रूथनेही सांगितलं की बाई त्या बुधवारी खाटेवरून हलली नाही, आम्ही दोघं तिथेच होतो. नागी वाद घालायला आली नव्हती. तिने आपलं घडलं तसं सांगितलं. बुधवारी दुपारी ती तापाने भुईवर पडली होती, घशाला कोरड, पाणी द्यायला कुणी नाही. सारा आत आली, तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, डोक्यावर हात ठेवून आपल्या देवाशी बोलली. आणि उठताना म्हणाली –

"तुझं नाव राह्यलं गं, नागे. आमच्या घरून राह्यलं. म्हून आले."

रूथने विचारलं, कसलं नाव? मी म्हटलं, मला काय ठाऊक. हे दुसरं खोटं.

ह्याला आता सात-आठ वर्षं झाली. पाळकसाहेब म्हणाले, तापात माणसाला काहीही दिसतं. दिसत असेल. पण मी नाव गाळलं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते नागीला कळलं कसं? आणि साराला कळलं होतं, तर कधी? सोमवारीच कळलं असेल, तर तिने माझ्या खोट्यावर जाणूनबुजून आमेन म्हटलं... मेलेलं-जिवंत काय दिसलं ह्याचं मला काही नाही. हे मात्र सोसत नाही. 'आमच्या घरून' म्हणाली ती. 'नवऱ्याकडून' म्हणाली नाही. उलगडा मला अजून झालेला नाही, आणि आता ह्या वयात कोण करणार.

नागी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर चढलो. पहिल्यांदाच. चार ठिकाणी बसलो तेव्हा पोचलो. ही वाट सारा मडकं घेऊन आठवड्यातून दोनदा चढत होती. नागी अंगण झाडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाव बाईकडून राहिलं नाही, मी गाळलं. पाटी उलटी करायचा कंटाळा केला.

नागीने केरसुणी खाली ठेवली.

"मंग बाईला उगाच चढाया लावलंस, बाबा," ती म्हणाली. "येवढ्या तापात."

दाराशी तिची घागर रिकामी होती. झरा कुठल्या अंगाला ते विचारलं आणि घागर घेऊन गेलो.