प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असते; येशूच्या स्मरणार्थ भाकर मोडून सर्वांनी वाटून घ्यायची. त्याच्या आदल्या शनिवारी सायंकाळी पाळक सालोमन वानखडे भांडणे मिटवायला बाहेर पडत. ज्याच्याशी वितुष्ट असेल, त्याच्या दारी स्वतः जाऊन आल्याखेरीज भाकर मोडायची नाही, हा त्यांचा नियम. तरुणपणी विदर्भातून भोपाळला आलेल्या या माणसाने तो केस पांढरे होईपर्यंत पाळला.

मी कारखान्याच्या विधी विभागातून निवृत्त झालेलो. वितुष्ट असेल त्याला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवावे आणि पोच जपून ठेवावी, हा माझा नियम. माझा मसुदा वाचून पाळकसाहेब चष्मा काढत. "वकीलसाहेब, मजकूर पक्का आहे, पण धूर फार येतोय. वात कापा." त्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले होते. "तेल प्रभू घालतो हो. काजळी धरलेली वात कापायचं काम मात्र आपलं. नाहीतर सेवा करता करता माणूस नुसता धुरकटतो."

इतक्या वर्षांत कधी कंटाळा आला नाही का, असे मी एकदा विचारले.

"आला ना! दर वेळी आदल्या शुक्रवारी येतो. म्हणून तर शनिवारी बाहेर पडतो."

भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीत, मंडळीतल्या मार्थाबाईंच्या घरी आमची उपासना भरते. येथे आमिष दाखवून धर्मांतर केले जाते, असा अर्ज त्यांचे शेजारी दुबेजी यांनी ठाण्यात दिला. वस्तुतः धर्म बदलण्याजोगे त्या खोलीत कोणी नव्हतेच. सगळे आजोबांच्या काळापासूनचे ख्रिस्ती. परंतु अर्ज खरा मानला गेला असता, तर उपासना बंद आणि पाळकसाहेब तुरुंगात! त्यांना एकदा ठाण्यावर बोलावून दुपारभर बाकावर बसवून ठेवले गेले. तेव्हापासून आम्ही खिडक्या लावून गीते गाऊ लागलो. बाहेर गाडी थांबली की गाणाऱ्यांचे आवाज आपोआप बारीक होत आणि मी पडदा सरकवून पोलिसांची जीप तर नाही ना, ते पाहत असे. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदापासून प्रारंभ करून मी कोणाकोणाला पत्रे लिहिली! उत्तर एकाचेही आले नाही.

आणि त्याच महिन्यात, शनिवारी, मला स्कूटरवर मागे बसवून पाळकसाहेब थेट दुबेजींच्या फाटकाशी थांबले.

"हे काय करता?" मी दबक्या आवाजात ओरडलो. "चौकशी चालू आहे! तक्रारदाराच्या दारी गेलात तर उद्या म्हणतील, धमकावलं. नाहीतर म्हणतील, धर्म शिकवायला आला. दोन्हींना कलम आहे."

"आणि उद्या प्रभुभोजन आहे," ते म्हणाले. "त्याला कोणतं कलम लावू?"

त्यांनी घंटी दाबली. बनियनवर दुबेजी बाहेर आले.

"अब यहाँ भी प्रचार करोगे?"

"नहीं, दुबेजी. आप मुझसे नाराज हैं, इतना मालूम है. मुझसे कुछ गलती हुई हो, तो माफी माँगने आया हूँ."

"कोर्ट में माँगना."

आतून कडी लागली. पाळकसाहेबांनी शांतपणे स्कूटर वळवली. "चला, मोकळा झालो."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच फाटक. त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्या प्रत्येक शनिवारी मी रस्त्याकडे तोंड करून उभा असे; जीप कोणत्या बाजूने येईल, याचाच विचार करीत. एकदा दुबेजींनी फाटकाआडून विचारले, "लँगड़ा क्यों रहे हो?"

"घुटना है. उमर हो गई."

"तो घर बैठो."

"बैठ जाऊँ, तो आपसे मिलने कौन आएगा?"

दुबेजी हसले नाहीत, पण त्या दिवशी कडीही लावली नाही. परतताना मी संतापाने म्हणालो, "अर्ज तर मागे घेत नाही तो!"

"ते मागायला मी गेलोच नव्हतो, वकीलसाहेब. वात कापा."

यंदाच्या हिवाळ्यात पाळकसाहेब प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. पुढच्या प्रभुभोजनासाठी शाहपुऱ्याहून दुसरे पाळक येणार होते. त्यांचे दुबेजींशी काही वितुष्ट नव्हते. माझे होते.

शनिवारी मी त्या फाटकाशी एकटा उभा राहिलो. मसुदा घरी ठेवला होता. ठाण्याच्या बाकावर आता मला बसवतील, हे कायदा जाणणाऱ्या मला पक्के ठाऊक होते. मी घंटी दाबली.

दुबेजींनी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्यावर पाहिले. "पादरीजी किधर हैं?"

"नहीं रहे."

कडीवरचा त्यांचा हात तसाच राहिला. मग आत वळून पाहत, जणू मलाच दोष देत, म्हणाले, "घुटने का तेल मँगा के रखा था उनके लिए."

अर्ज अजून ठाण्यातच आहे. खिडक्या आम्ही अजून लावूनच गातो. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मला पुन्हा तेथे जायचे आहे.