पोतनीसांची पब्लिसिटी

आमच्या धंद्यात आपण काय लिहिलं ते आठवड्याभरात रद्दीत जातं, त्यात कुणीतरी चणे-फुटाणे बांधून नेतं. पण ते लिहून घ्यायला कोण आलं होतं, कसं आलं होतं आणि कसं परत गेलं, ते मात्र डोक्यातून जात नाही. साठत राहतं. आम्ही तिघी भेटलो की अजूनही "अगं, तो पोतनीस आठवतो का?" एवढं एक वाक्य पुरतं. चहा गार होतो!

तिघी म्हणजे मी, फिलू आणि सुमन. तेव्हा आम्ही कुठल्याच वर्तमानपत्राच्या नोकरीत नव्हतो. रविवारची पुरवणी, मासिक, दिवाळी अंक, जिथे वर 'महिलांसाठी' असा मथळा आणि खाली रिकामी जागा दिसेल, तिथे आम्ही! मी गिरगावातली, साड्या आणि घरसजावट यांवर लिहायचे. फिलू, म्हणजे खोताच्या वाडीतली फिलोमिना, पाककृती आणि विणकाम. सुमन वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची आणि काटकसरीच्या संसारावर सदर लिहायची. तिचा नवरा आणि सासू दोघंही गिरणीत कामाला, त्यामुळे त्या विषयात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर गुरुवारी आम्ही फिलूच्या व्हरांड्यात जमायचो.

आणि पोतनीस फोर्टातल्या एका पब्लिसिटी कंपनीचे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत चामडी बॅग. गिऱ्हाइकाचं तेल, साबण, साडी, जे काय असेल ते आमच्या लेखात घुसवायचं, हे त्यांचं काम. जाहिरात म्हणून नव्हे हं! "आपल्या लेखणीतून ते सहज आलं पाहिजे, ताई. सहज!"

माणूस वाईट नव्हता. ऐकत नव्हता, एवढंच.

* * *

पहिली ओळख पत्रानं झाली. सायक्लोस्टाइल केलेलं पत्र. "आदरणीय लेखिका, आपला ......... हा लेख वाचून आमच्या कार्यालयात सर्वांचे डोळे पाणावले." पुढे एका केशतेलाची दीड पान स्तुती.

मधल्या ठिपक्यांवर लेखाचं नाव पेनानं भरायचं होतं. ते राहून गेलं होतं!

गुरुवारी कळलं, तिघींनाही तेच पत्र. तिघींचेही ठिपके रिकामे. माझा ताजा लेख उशांच्या अभ्र्यांवर होता.

"माझ्या कोळंबीच्या लोणच्यानं डोळ्यांत पाणी येईल एक वेळ," फिलू म्हणाली, "तुझ्या अभ्र्यांनी कसं आलं गं?"

तिनं तिथेच उत्तर लिहिलं. "आपल्या ......... या तेलाबद्दल वाचून आम्ही तिघी ......... झालो. कृपया रिकाम्या जागा भराव्या."

दोनच दिवसांत पोतनीस स्वतः हजर. हात जोडून म्हणाले, "इतकं छान उत्तर आजवर कुणी पाठवलं नव्हतं! मग, छापता कधी?"

* * *

आमच्या इमारतीत फोन एकच, तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. निरोप असेल तर कंपाउंडर जिन्यात येऊन ओरडायचा. पोतनीसांना हा नंबर कुठून मिळाला देव जाणे. पण ते फोन करायचे तो नेमका पेशंटांच्या गर्दीच्या वेळी.

"कुमुदताई, तुमच्या स्नो-पावडरचा फोन!" सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. मी खाली धावत जायचे. बाकावरचे खोकणारे म्हातारे माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायचे.

एकदा मी घरी नव्हते. डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला. म्हणाले, "त्या नाहीत. काय होतंय ते मला सांगा."

पोतनीसांनी सांगितलं! त्या क्रीमनं त्वचा कशी मऊ होते, पुटकुळ्या कशा जातात, रंग कसा उजळतो, सगळं. डॉक्टर एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेशंटची नाडी धरून शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्वचा ठीक आहे तुमची. दुखणं जिभेचं आहे. आठ दिवस बंद ठेवा!"

* * *

एका उन्हाळ्यात पोतनीसांनी फ्रिज आणला. म्हणजे फ्रिजचं रंगीत चित्र. आणि ते कुणाच्या पुढ्यात ठेवावं? सुमनच्या!

"काटकसरीच्या संसारात फ्रिज किती उपयोगी, असा लेख हवाय, ताई. उरलेलं अन्न टिकतं."

"आमच्याकडे अन्न उरत नाही," सुमन म्हणाली.

"तरी पण, घरात एक वस्तू..."

"पोतनीस, आमची एक खोली आहे. त्यात सात माणसं. फ्रिज आत आला तर कुणाला तरी बाहेर जावं लागेल."

"मग तोच बाहेर ठेवा! चाळीला पॅसेज असतोच की."

"पॅसेजमध्ये सासरे झोपतात."

आता तरी बॅग उचलतील असं आम्हाला वाटलं. पोतनीसांनी क्षणभर विचार केला आणि चेहरा एकदम उजळला. "मग तर उत्तमच! उन्हाळ्यात सासऱ्यांना गार वाटेल!"

* * *

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, रोज मोर्चा. कधी अचानक दुकानांच्या फळ्या पडायच्या, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना अश्रुधुराचा वास लागायचा. गोळीबारात माणसं गेली होती. ज्या घरातलं कुणी गेलं होतं, त्या घरावरून जाताना लोक आवाज खाली करायचे.

अशात पोतनीस व्हरांड्यात आले आणि बॅगेतून मसाल्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यावर शेंदरी अक्षरांत लिहिलं होतं, 'संयुक्त महाराष्ट्र गरम मसाला'!

"मथळासुद्धा तयार आहे," ते फिलूला म्हणाले. "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, चव आजच मिळवा!"

 सुमननं डबा उलटा करून ठेवला.

मला तो डबा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. मग आठवलं. शेजारच्या गुजराती काकींकडे त्यांच्या भाषेतला पेपर यायचा, त्यात हाच डबा होता. हेच चित्र, हीच मिरची. फक्त नाव वेगळं, नेमकं विरुद्ध बाजूचं, 'महाद्विभाषिक मसालो'!

मी पोतनीसांना विचारलं. ते जराही गडबडले नाहीत. "हो हो, तेही आपलंच काम! आत मसाला तोच आहे, ताई. काळजी नको."

"बरोबर आहे," फिलू म्हणाली. "आपली पोळी दोन्हीकडून भाजून घ्यावी."

"पोळीला नाही हो हा!" पोतनीस कळवळून म्हणाले. "भाजीला!"

* * *

सगळेच पब्लिसिटीवाले असे नव्हते. केळुसकर म्हणून एक गृहस्थ होते, दादरचे. एकदा माझ्या घरी वातीचा स्टोव्ह घेऊन आले. माझा स्वयंपाकघरातल्या धुरावरचा लेख त्यांनी खरोखर वाचला होता. त्यातली माझी एक चूकही त्यांनी हळूच दाखवली. म्हणाले, "हा ठेवून जातो. महिनाभर वापरा. वाऱ्यावर विझतो, ते आधीच सांगतो. वाईट वाटला तर वाईट लिहा, पण कसा वाईट ते लिहा." चहा घेतला आणि गेले. पुन्हा विचारायलाही आले नाहीत.

मी लेख लिहिला. विझण्याबद्दलही लिहिलं. आणि स्टोव्ह खपले!

पोतनीस तडक आले. "केळुसकरांनी असं केलं तरी काय?"

"फार काही नाही," मी म्हटलं. "वस्तू ठेवली आणि गप्प बसले."

पोतनीसांना ते एकदम पटलं. पुढच्या आठवड्यात ते आमच्या घरी आले, साबणाची वडी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि गप्प! मी विचारलं, "काय काम काढलंत?" हसले. आईनं विचारलं, "चहा घेणार?" मान हलवली. अर्धा तास झाला, तरी वडीकडे बघून मंद हसताहेत. मग उठले, आईला वाकून नमस्कार केला आणि गेले.

माझं लग्न व्हायचं होतं. आई दारापर्यंत जाऊन त्यांना पाठमोरं न्याहाळून आली. म्हणाली, "मुलगा सालस आहे गं. पण मुका आहे का?"

* * *

साडीची गोष्ट मात्र अंगाशी आली. सुमनच्या.

एका गिरणीनं पक्क्या रंगाची साडी काढली होती, लालभडक. पोतनीसांची कल्पना अशी की, सुखी गिरणीकामगार बाई ती साडी नेसून हसते आहे असा फोटो छापायचा आणि खाली सुमनचा लेख. फोटोसाठी सुमनची सासू तयार झाली. उभा जन्म गिरणीत गेलेली बाई, पण त्या दिवशी फोर्टातल्या स्टुडिओत नवरीसारखी लाजली, असं सुमन सांगायची. फोटो झाला. पोतनीस म्हणाले, "आता साडी परत द्या."

सासू म्हणाली, "नेसलेली साडी तशीच देत्यात व्हय? धुवून देते की."

धुतली. सासऱ्यांची धोतरं, पोरांचे शाळेचे सदरे, सगळं गुलाबी झालं!

सुमननं जे झालं तेच लिहिलं. संपादकांनी तो लेख तर छापला नाहीच, वर तिचं सदरही बंद केलं. त्याच अंकात गिरणीची अर्धं पान जाहिरात होती. तिच्या घराला त्या सदराचा आधार होता. पुढचे कितीतरी गुरुवार ती यायची, बसायची, पण बोलायची नाही.

फिलूनं पोतनीसांना चांगलंच फैलावर घेतलं. ते बिचारे खरोखर दुखावले. "माझं काय चुकलं? नेसा म्हटलं होतं मी. धुवा कुठे म्हटलं होतं?"

* * *

पण सुमनचं सदर परत सुरू झालं तेही पोतनीसांमुळेच. एक डेअरीवाले मालक त्यांचे नवे गिऱ्हाईक झाले. साजूक तुपाचे. ते पेपरला मोठी जाहिरात देणार होते, पण त्यांची अट होती. गिरणगावातल्या साध्या, स्वच्छ मराठमोळ्या घरात त्यांच्या तुपाचा शिरा होतो आहे, असा फोटोसकट लेख हवा. पोतनीसांनी सुमनचं नाव सुचवलं. संपादक म्हणाले, हा लेख नीट झाला तर सदर पुढे चालू.

"माझ्याच घरी या," सुमन म्हणाली.

त्या दिवशी मी आणि फिलू मदतीला गेलो. शेजारणींनी पॅसेज धुऊन काढला होता. सासऱ्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. खोली अशी लख्ख की, पितळेच्या डब्यांत तोंड बघून घ्यावं.

मालक आले. रेशमी सदरा, हातात तुपाचा सीलबंद डबा. मागे पोतनीस आणि फोटोग्राफर. मालकांनी चपला काढल्या, हसून नमस्कार केला, चाकूनं स्वतः झाकण उचकटलं आणि तूप सगळ्यांना दाखवलं. रवाळ, सुरेख तूप होतं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ताज्या हाराची. सुमनच्या घरानं नुकतीच दीक्षा घेतली होती.

मालकांचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. पोतनीसांच्या काही लक्षात आलं नाही. सुमनच्या आलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आत्ताच प्यालो खाली," मालक म्हणाले.

तिनं शिरा केला. खोलीभर घमघमाट सुटला. फोटोग्राफरनं दोन बशा संपवल्या, पोतनीसांनी तीन. मालकांपुढे बशी आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "माझा आज उपास आहे."

 सुमन बशी धरून तशीच उभी. सदर जाईल म्हणून बोलता येईना, आणि बशी खाली ठेवायला हात होईना. मी खाली बघत राहिले.

तेवढ्यात सासू उठली. डब्यापाशी गेली, चमच्यावर नुसतं तूप घेतलं आणि मालकांच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी मऊ होता.

"उपासाला रवा चालत न्हाई, पर तूप चालतं की. तूप तुमचं, डबा तुमचा, झाकण बी तुम्हीच काढलं. चमचा तेवढा आमचा हाय."

मालक चमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. हात वर उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. फोटोग्राफरला वाटलं, हीच पोज ठरलेली आहे. त्यानं बटण दाबलं!

सुमननं लेख लिहिला. तूप चांगलं होतं, तसंच लिहिलं. फोटोखालची ओळही तिचीच, 'आपल्याच तुपाकडे पाहताना डेअरीचे मालक'. संपादकांना त्यात वावगं काही दिसलं नाही. रविवारी तो फोटो चांगला तीन कॉलम छापून आला, आणि बीडीडी चाळीत घरोघरी भिंतीवर लागला.

सोमवारी सकाळीच पोतनीस पेपर नाचवत व्हरांड्यात आले. आनंदानं त्यांना दम लागला होता.

"बघा, ताई, बघा! डब्यावरचं नाव किती स्वच्छ आलंय!"