गुरुवारी बंद पडणारे डबे

विजेच्या बाबतीत मी पक्की चिक्कू आहे. पिंपळे गुरवच्या घरात सगळ्यांच्या मागे पंखे बंद करत फिरते, आणि आकुर्डीच्या आमच्या छोट्या डिझाइन कंपनीत मिलिअँपिअर वाचवत बसते. काही उपकरणांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही मिळते. त्यांची पॉवर सर्किटं बनवणं हे माझं काम. केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विच असतो, म्हणजे सगळ्या केबल्स जोडलेली पेटी, आणि तो मोठा संशयी प्राणी. आधी पलीकडे कुणी आहे का ते चाचपतो, मगच वीज सोडतो. सोडल्यावरही लक्ष ठेवून असतो. पलीकडून निदान दहा मिलिअँपिअर ओढले गेले नाहीत, तर केबल कुणीतरी काढली असं समजून वीज तोडतो.

चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही छताला टांगायचे डबे बनवले होते. फोर्कलिफ्ट आणि माणूस एकाच वळणावर समोरासमोर येणार असतील, तर डब्यानं लाल दिवा लावायचा आणि भोंगा वाजवायचा. अर्धा तास कुठलीच हालचाल दिसली नाही की तो झोपायचा. झोपेत फक्त सहा मिलिअँपिअर घ्यायचा, आणि त्याचा मला कोण अभिमान! स्विचनं वीज तोडू नये म्हणून पहिल्या बोर्डावर मी एक रेझिस्टर ठेवला होता. थोडी वीज फुकट जाळायची, एवढंच त्याचं काम. कारखान्यात गेलेल्या दुसऱ्या बोर्डावरून मी तो काढून टाकला. पत्र्याखाली आधीच उकाडा, त्यात ही भर कशाला? आणि तीन शिफ्ट चालणारा कारखाना अर्धा तास गप्प बसतो कधी? हे मी मीटिंगमध्ये ऐटीत बोलूनही दाखवलं होतं.

डबे बसवल्यावर तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला. डबे मध्येच बंद पडतात, मिनिटाभरानं आपोआप चालू होतात, आणि हे फक्त गुरुवारी होतं.

गुरुवारी आमच्या या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी. मशीन बंद असल्यामुळे केबलची कामं त्याच दिवशी निघतात. ती करायला यायचे एक वायरमन. पन्नाशीचे, मूळचे लातूरकडचे, राहायला रहाटणीत. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही. प्रत्येक केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्याचं, म्हणजे क्रिंपिंगचं काम त्यांचंच. मामा येतात गुरुवारी, डबे बंद पडतात गुरुवारी. मला आणखी काय हवं होतं? मी खुर्चीत बसूनच रिपोर्ट लिहिला, ‘सर्किटमध्ये दोष नाही, क्रिंपिंग सैल आहे.’ जाऊन बघितलं नाही. गुरुवारी माझीही सुट्टी असते.

रिपोर्ट मामांपर्यंत पोचला, आणि त्यानंतर तीन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी मामा शिडी घेऊन एका वळणावर आले, तेव्हा वरचा डबा नुकताच बंद पडून पुन्हा चालू होत होता. दिवा लागला नाही, भोंगा वाजला नाही. सुट्टीत साचे हलवायला काढलेली फोर्कलिफ्ट सरळ आली आणि शिडीला धडकली. मामांचं कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. “मॅडम, त्या माणसानंच सैल केबल लावली आणि त्याच्यापायी तोच मेला असता. पुढच्या गुरुवारी तुम्ही येऊन एकदा कन्फर्म करा. मग मी त्याचा गेटपास रद्द करतो.”

गेटपास गेला म्हणजे तो कारखाना गेला. आणि एका ठिकाणी पास रद्द झालेल्या माणसाला शेजारचे कारखाने तरी कुठे आत घेतात?

म्हणून मी पहिल्यांदा स्विचनं ठेवलेल्या नोंदींची फाइल नीट उघडली. डबे अर्ध्या तासाच्या अंतरानं बंद पडत होते. साडेनऊ, दहा, साडेदहा. सैल वायर घड्याळ बघून सुटत नाही. हीच फाइल रिपोर्ट लिहिताना माझ्याकडे होती आणि मी तिचं पहिलं पान सोडून काही पाहिलं नव्हतं.

तो गुरुवार मी विसरणार नाही. एवढी मोठी शेड आणि चिटपाखरू नाही. मी एका डब्याच्या केबलमध्ये मीटर जोडला. मग साहेब, मामा आणि मी डब्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात स्विचजवळ खांबाआड उभे राहिलो. अर्धा तास कुणीही हलायचं नाही, असं मी सांगितलं होतं. मामांच्या कोपराला पट्टी होती. ते माझ्याकडे बघतही नव्हते, त्यांची नजर स्विचवरच्या हिरव्या दिव्यावर. मी मीटरकडे बघत होते. नव्वदच्या आसपास आकडा हलत होता. मनात मी देवाला काय मागितलं ते खरं सांगते: अर्ध्या तासाच्या आतच केबल सुटू दे, सैलच असू दे.

पंचवीस मिनिटं झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. तिसाव्या मिनिटाला मीटर एकदम सहावर आला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शून्य झाला. हिरवा दिवा विझला.

“सुटली ना?” साहेब म्हणाले.

तो सहाचा आकडा फक्त मी पाहिला होता. मीटर माझ्या हातात होता आणि त्या दोघांना फक्त विझलेला दिवा दिसत होता. ‘हो’ म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. घरी गेल्यावर मी गुपचूप रेझिस्टर असलेला नवा बोर्ड बनवला असता, सुधारणा म्हणून पाठवलाही असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि आलं याची मला अजून शरम वाटते.

मी तोंड उघडण्याआधी मामाच बोलले. “सुटली साहेब. माझीच चूक हाय. म्या तीनदा नवी लावली, तरी सुटायली. आता हात चालत न्हाई माझा.”

“नाही,” मी म्हणाले. “केबल जागच्या जागी आहे. डबा झोपला, त्यानं फार कमी वीज ओढली, म्हणून स्विचनंच ती तोडली. हे होऊ नये म्हणून एक पार्ट असतो, तो मी काढला होता. चूक माझी आहे.”

साहेबांनी माझ्या हातातल्या मीटरकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि रिपोर्ट?”

“तोही माझाच.”

“टेस्टिंगमध्ये नाही कळलं?”

“टेस्टिंगला साधा पॉवर सप्लाय वापरला, तो वीज तोडत नाही. आणि इथं बघायला गुरुवारी आमच्याकडचं कुणी आलं नाही, आम्हालाही सुट्टी असते.”

त्यावर साहेब जे बोलले ते मी निमूट ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी ते मामांकडे वळून म्हणाले, “तुमचा पास राहील,” आणि ऑफिसकडे गेले.

मला वाटलं, मामा सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि फरशीवर उपडी केली. केबलची तोडलेली टोकं, प्रत्येकाला प्लग तसाच. चाळीसेक तरी असतील. तीन गुरुवार त्यांनी आपलं सगळं काम तोडून पुन्हा केलं होतं.

“मॅडम, यातले किती खराब होते?”

मी वाकून चार-पाच उचलले, पिना बघितल्या. सगळ्या एका ओळीत, घट्ट.

“एकही नाही.”

“एक बी न्हाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “म्या रोज राती बायकोला म्हणायलो, नजर गेली माझी, आता ह्यो धंदा सोडतो. तुमी शिकलेली मानसं. तुमी लिवलं, तर म्या माझ्या हातावर इश्वास ठिवला न्हाई, तुमच्यावर ठिवला.”

मी माफी मागितली. ते खाली बसून एकेक टोक पुन्हा पिशवीत भरत होते. मी मदतीला वाकले, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला सारला.