जॉबकार्डावरचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, सुलभाला — तिला तर मुळीच नाही. आणि गंमत बघा, ज्या निकालामुळे हे लपून राहिलं, त्या निकालाचा दिवस आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा दिवस. त्या आनंदात मीही नाचलो. खोटं कशाला सांगू?

सुलभा शिक्षिका. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरला रोज जाणं-येणं. तिच्यासाठी नवीकोरी गाडी घेतली. तिला दुसरी आवडली होती, ही मी निवडली. माझं मोटारपंपांचं दुकान. यंत्रातलं आपल्यालाच कळतं ही माझी मिजास. पंधरा दिवसांत गाडी चालता चालता बंद पडायला लागली. दहा मिनिटांनी सुरू, जसं काही झालंच नाही. शोरूमनं पाच वेळा ठेवून घेतली, पाच वेळा "ओके" म्हणून परत दिली.

मी म्हणायचो, तुझा पाय क्लचवरच असतो. दर वेळी हेच. शेवटी ती एसटीनं जायला लागली. गाडी चालवताना गाणं म्हणणारी बाई — एसटीनं.

मग एकदा मी एकटाच अकोल्याला बहिणीकडे निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद. माझ्या हातात! बॉनेट उघडून पाऊण तास उभा राहिलो. घरी उशिरा आलो तर सुलभानं विचारलं, बंद पडली का? मी म्हणालो, छे, ताईनं जेवायला थांबवलं. का म्हणालो? गाडीत खोट निघाली असती, तर निवड माझी होती ना.

पण एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सहाव्यांदा गाडी शोरूमला नेली तेव्हा तिथल्या तक्रारी लिहून घेणाऱ्या सलीमभाईंनी सरळ विचारलं, "तुमच्या हातातबी बंद पडते काय, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "मॅडमलेच क्लच जमत नाही."

त्यांनी ते शब्द न शब्द जॉबकार्डावर लिहिलं.

सुलभा मात्र हरणारी नव्हती. वॉरंटीत तोच दोष पुन्हा पुन्हा आला तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात, ग्राहक आयोगात वकिलाशिवायही उभं राहता येतं — सगळं वाचून काढलं तिनं. तक्रार स्वतः लिहिली, स्वतः मांडली. मी फाइल धरून मागच्या बाकावर. आणि सलीमभाईंना साक्षीला आणून शोरूमच्या वकिलांनी ते जॉबकार्ड मोठ्यानं वाचलं.

सुलभा ताडकन उठली. "हे या माणसानं मनानं लिवलं, साहेब. माहे मिस्टर असं बोलूच शकत नाहीत."

सलीमभाईंनी वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला काढला — आणि पुसतच राहिलो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. जमलं नाही मला.

आयोगानं गाडी तपासणीला पाठवली. दोष निघाला इंधनाच्या पंपात, कारखान्यातूनच आलेला. पंपात! आणि मी पंप विकतो. सुलभा हसून हसून बेजार झाली. पैसे परत मिळाले, वर भरपाई. निकालात असंही लिहिलं होतं, की जॉबकार्डावरची ती नोंद विश्वासार्ह वाटत नाही.

सुलभानं तिला आवडलेली गाडी घेतली. गल्लीभर पेढे वाटले. पहिल्याच रविवारी मला अकोल्याला घेऊन गेली, ट्रकमागून ट्रक ओलांडत, पूर्ण रस्ताभर गात. इतकं छान वाटलं मला, काय सांगू! ताईकडे जेवताना तिनं सगळी केस रंगवून सांगितली — आणि शेवटी, माझ्या खांद्यावर हात ठेवून, यांच्या नावावरसुद्धा खोटं लिहिलं हो त्या माणसानं. ताई म्हणाली, माझा भाऊ तसा नाहीच.

मी आणखी एक पोळी मागून घेतली.

सलीमभाई अजून त्याच टेबलावर बसतात. रस्त्यात दिसले तर ते नमस्कार करतात, मीही करतो. खोटारडे ते ठरले. बोललो मी होतो.