बाई दप्तर सोडायच्या नाहीत

शाळा सुटली की बाई फाटकात उभ्या राहायच्या आणि पोराच्या दप्तराच्या वरच्या छोट्या पट्ट्यात एक बोट अडकवायच्या. पोरगं पुढे ओढ घेतंय, दप्तर मागे, मधे बाईंचं बोट. न्यायला आलेल्या माणसाने बाईंच्या डोळ्यांत बघायचं, बाईंनी त्याच्या. ओळख पटली की "ग्रँड!" (म्हणजे 'ठीक आहे') म्हणून बोट मोकळं. तुम्ही फोनवर बोलत आलात तर बोट तसंच. मग पाऊस पडो नाहीतर गारा.

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या आमच्या शाळेतल्या सगळ्यात लहान वर्गाच्या या बाई. पोरं त्यांना नुसतंच 'टीचर' म्हणायची, आमच्या घरात मात्र त्या 'बाई'च. साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्याने अधू, गळ्यात शिट्टी. शाळेच्या आरोग्य आणि सुरक्षेचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता आणि "पॉलिसी आहे, लव्ह," हे त्यांचं पालुपद होतं; 'लव्ह' म्हणजे आपलं 'बाळा'. मैदानात पळायचं नाही, कारण पॉलिसी. एकदा खुद्द मुख्याध्यापक चहाचा कप घेऊन वर्गाकडे निघाले होते. बाईंनी त्यांना अडवून एवढंच विचारलं, "झाकण?" ते बिचारे झाकण आणायला परत गेले. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच, आठवून बघा.

माझी आणि त्यांची पहिली चकमक झाली ती साबुदाण्याच्या खिचडीवरून. अंगारकी होती, घरात केली होती, म्हणून माझ्या मुलाच्या, मल्हारच्या डब्यात दिली. आता दाण्याचं कूट हे आपल्याला वेगळं काही घातलंय असं वाटतच नाही हो, मिठासारखंच ते. अर्ध्या तासात फोन. "हे पांढरे मणी काय आहेत? आणि त्यांना काय लागलंय?" वर्गात एका मुलीला दाण्यांची अॅलर्जी होती. बाईंनी डबा बंद केला, टेबलं पुसली, अख्ख्या वर्गाचे हात धुतले आणि मल्हारला केळं दिलं. मी वर तोंड करून म्हटलं, "शेंगदाणा हा नट नसतोच मुळी, ते कडधान्य आहे."

"ते तिच्या घशाला सांगा," बाई म्हणाल्या.

दुसरा घोळ नातेवाइकांचा. पोराला न्यायला कोण येणार त्यांची नावं शाळेला आधी कळवावी लागतात. आपल्यात कसं, ज्याला वेळ असेल तो सगळ्यांची पोरं घेऊन येतो. आज ही मावशी, उद्या तो काका. "या मुलाला मावश्या तरी किती?" बाईंनी मला एकदा विचारलं. "तुमच्या सख्ख्या बहिणी म्हणतेय मी."

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग पॉलिसी आहे, लव्ह."

सप्टेंबरात माझे सासरे कराडहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. नवरा कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आणि मला नुकतीच औषधांच्या दुकानात नोकरी लागलेली, म्हणून मल्हारला आणायचं काम दादांकडे आलं. मी त्यांचं नाव कळवायला विसरले आणि पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना फाटकात रोखून धरलं. मला कामावरून धावत जावं लागलं. वाटलं, झालं, दादा आता अपमान झाला म्हणून परतीचं तिकीट काढायला लावणार. कसलं काय! "बाई खमकी हाय गं!" म्हणून स्वारी दिवसभर खूश. दादा एसटीत कंट्रोलर होते, शिट्ट्या मारून गाड्या मागं घेण्यात हयात गेलेली. "नातू गळा काढून वरडतोय, तरी सोडला न्हाई. अशी चार मानसं आमच्या डेपोत असती तर!" दुसऱ्या दिवसापासून ते फाटकात बाईंना कडक सलाम ठोकायला लागले. बाईही टाचा जुळवून उलट सलाम करायच्या.

बाईंचं बोट सुटायच्या आधी आजा-नातवाचा एक खेळ चालायचा. आपल्याकडे म्हातारी माणसं पोरांना छेडतात ना, तोच. दादा कमरेवर हात ठेवून, भुवया वर चढवून दरडावायचे, "कुणाचा रं तू?" मल्हारला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्रजीत, तेही आयरिश हेल काढून. तो ओरडायचा, "आय्याम युअर्स!" मी तुमचा! रांगेतली बाकीची पोरंही त्याच्याबरोबर ओरडायला लागली होती. बाईंना दादांचे शब्द कळायचे नाहीत, पण खेळ पुरा झाल्याशिवाय त्या "ग्रँड" म्हणायच्या नाहीत.

नोव्हेंबरात एका दुपारी दुकानात बाईंचा फोन आला. "मल्हारला मी सोडलेलं नाही. आजोबा इथेच आहेत, त्यांना चहा दिलाय. तुम्ही या."

माझं डोकंच फिरलं. नाव कळवलेलं, माणूस रोज येतोय, आता कसली आलीय पॉलिसी? तणतणत शाळेत पोचले. दादा ऑफिसात झाकणाच्या कपातून चहा पीत बसले होते आणि शेजारी मल्हार चित्र रंगवत होता. बाईंनी मला बाहेर नेलं.

"ते रोज त्याला काहीतरी विचारतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शब्द मला कळत नाहीत. पण रोज तो खेळ असतो. आज ते खरंच विचारत होते."

आता एकेक आठवायला लागलं. घरात दादांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. एकदा त्यांनी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारली होती. वयाचं आहे म्हणून आम्ही सगळे हसलो होतो, तेसुद्धा.

"एवढं काम काढून घेऊ नका हो त्यांच्याकडून," मी रडतच म्हटलं. "या देशात त्यांना हे एकच काम आहे. सकाळपासून बूट घालून बसतात. खचतील ते."

"मूल त्यांच्या हाती देता येणार नाही."

"पॉलिसी?"

"हो, पॉलिसी." या वेळी त्या पुढे 'लव्ह' म्हणाल्या नाहीत. चार दिवस मीच कामावर गयावया करून मल्हारला आणलं आणि दादा दारात बूट घालून बसून राहिले.

सोमवारी बाईंनी फाटकात मोठ्याने जाहीर केलं, की आजपासून आमच्या वसाहतीतली मुलं सुरक्षेसाठी रांगेने घरी जातील. सगळ्यात पुढे आमच्या शेजारची जुळ्यांची आई, एका हाताला मल्हार. आणि सगळ्यात मागे पिवळं जॅकेट घातलेला एक जबाबदार, अनुभवी माणूस. एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि दादांच्या गळ्यात घातली.

काय सांगू तुम्हाला त्या माणसाचा थाट! पुढची शेजारीण सगळ्यांना घरी पोचवायची, दादांसकट. दादांना वाटायचं, गाडी आपणच काढली. "आज टायमात आनली बघ," ते दारातूनच सांगायचे.

मी शाळेच्या वेबसाइटवर ही पॉलिसी शोधली. पळण्याची होती, दाण्यांची होती, चहाच्या झाकणाचीसुद्धा होती. ही कुठेच नव्हती. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "छपाईला गेलीय, लव्ह."

डिसेंबरात दादा कराडला गेले. निघताना ते शिट्टी परत करायला गेले, तर बाईंनी घेतली नाही. आता नणंद त्यांचं सगळं करते. व्हिडिओ कॉलवर कधी आम्हाला ओळखतात, कधी नाही. शिट्टी मात्र गळ्यात असते.

जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या. केक झाला, फुलं झाली, मुख्याध्यापकांनी झाकणावरून विनोद केला. मग बाई पर्स खांद्याला लावून फाटकाबाहेर निघाल्या आणि मी मागून त्यांच्या पर्सच्या पट्ट्यात बोट अडकवलं.

"कोण आलंय न्यायला?"

"बहीण. ती काय, लाल गाडी."

"मला दिसली पाहिजे. पॉलिसी आहे, लव्ह."

बाई खो खो हसत सुटल्या. तेवढ्यात मल्हार त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. कधी मराठीत एक वाक्य धड न बोलणारं माझं पोरगं कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून, थेट कराडच्या आवाजात दरडावलं, "कुणाचा रं तू?"

बाईंचं हसू थांबलं. दुखऱ्या गुडघ्यानिशी त्या खाली वाकल्या आणि त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"आय्याम युअर्स," बाई म्हणाल्या.

लाल गाडीतून त्यांची बहीण उतरली आणि तिने माझ्याकडे बघून हात केला. ओळख पटली होती. तरी मी 'ग्रँड' म्हटलं नाही आणि पट्ट्यातलं बोटही सोडलं नाही.